पाजणारीलाच ठाऊक

"ह्या पोरीच्या वरच्या दातानं माझा भाऊ खाल्ला गं बाई."

हा आवाज प्रतिक्षाच्या आईचा. तो कानावर पडला तेव्हा प्रतिक्षा नुकती शाळेत जाऊ लागली होती. डाळजच्या घरात घोंगडीखाली डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं होतं तिनं. बाहेर ओट्यावर आई कुणा पाहुणीशी बोलत होती. पाहुणीनं विचारलं असेल, बिरू कसा गेला म्हणून. आईच्या आवाजात राग नव्हता, रडं नव्हतं. जात्यातून पीठ सांडावं तसं ते वाक्य सांडलं. पाहुणी चहा पिऊन वाटेला लागली, आई भाकरी थापायला बसली, आणि प्रतिक्षा मात्र त्या घोंगडीखालीच राहिली म्हणायची.

बिरू तिचा मामा, आईचा एकुलता भाऊ. प्रतिक्षा तान्ही असतानाच तो हायवेवर उसाच्या ट्रकखाली सापडून गेला. तिला तो आठवत नाही. तिला एवढंच ठाऊक, की आपल्याला खालच्याआधी वरचे दात आले, आणि वरचे दात आधी आले की ते मामाला भोवतात. त्या मुलखातल्या बायका असं मानतात, आणि मानत नसल्या तरी बोलतात. तेव्हापासून पोर हसताना तोंडावर हात घ्यायला शिकली. लग्नाच्या फोटोतही तिचा हात ओठांवर आहे. बघणारे म्हणतात, नवरी लई लाजरी दिसतीय.

आता तिच्या मांडीवर अविराज होता, आणि अविराजला वरचा दात येत होता.

हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि कुणी सांगू शकलंही नसतं. दुपारचं जेवण उरकून ती भिंतीला टेकून त्याला पाजत होती. बारामतीच्या अलीकडे, कॅनॉलच्या कडेला त्यांचं घर. दारापुढं वांग्याचं वावर, त्याच्या पलीकडनं उसाचे ट्रॅक्टर सोमेश्वरनगरच्या वाटेनं धडधडत जात होते. अवीचे डोळे मिटायला आले होते, ओठ सैल पडले होते, आणि एकदम, झोपेच्या उंबऱ्यावर, त्यानं जबडा आवळला. प्रतिक्षाच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. "आई गं!" ती किंचाळली आणि तिचा हात आपोआप उठला. फटका हलकाच होता, पायावर बसला. पण पोरानं तोंड सोडून तिच्याकडं अशा काही नजरेनं पाहिलं, की ही कोण बाई आहे, असा प्रश्नच त्याला पडला असावा. मग ते रडलं. त्या उघड्या तोंडात, वरच्या हिरडीवर, तांदळाच्या कणीएवढं पांढरं काही चमकलं.

तिनं पदर सारून पाहिलं. खूण उठली होती ती वरच्या अंगाला, नखानं कोरल्यासारखी. खाली काहीच नाही. खालची हिरडी तिनं बोटानं चाचपली. लोण्यासारखी मऊ.

पहिली गोष्ट तिनं कुठली केली असेल? दाराची कडी लावली.

आणि दुसरी? पोराला पुन्हा जवळ घेऊन त्याचं तोंड बंद केलं. दुधानं.

तिला एकच भाऊ होता, गोकुळ, पाठचा. भिगवणच्या मासळी बाजारात त्याचं काम. सकाळ-संध्याकाळ हायवेवरून मोटारसायकलनं ये-जा. ज्या रस्त्यानं मामा गेला, तोच रस्ता. प्रतिक्षाच्या मनानं हिशोब केला नाही, हिशोब आपला आपणच झाला. आईचा भाऊ मी खाल्ला; माझा भाऊ माझं लेकरू खाणार. हे कळलं तर आई गोकुळला ह्या उंबऱ्यावर पाऊल ठेवू देणार नाही, आणि ह्या लेकराकडं ती तशीच बघेल, जशी माझ्याकडं बघते. हसताना बघितलं की मान फिरवते, तशी.

एक वाट होती. खालचे दात येईपर्यंत कुणाला दिसू द्यायचं नाही. एकदा खालचेही आले, की आधी कुठला आणि मागनं कुठला, हे जगात कोण सांगणार?

मग तिचं पाजणं सुरू झालं. पोर रडायला लागलं, घे पदराखाली. जांभई दिली, घे. शेजारची मोना आली नि "हस की रं माझ्या राजा" म्हणाली, आणि त्याचे ओठ फाकायला लागले, की लागलीच घे. पोटात भूक असो नसो, त्याच्या तोंडावर दुधाचं झाकण. आणि त्या झाकणाला तो चावायचा. पोट भरलेलं, हिरड्या शिवशिवणाऱ्या, मग दुसरं काय करेल बापडा? खुणेवर खूण पडली, तिथं भेग पडली, भेगेवर खपली धरायच्या आत पुन्हा तोंड. अंघोळीच्या वेळी पाणी लागलं की ती दात आवळून भिंतीला धरायची. भोग, ती मनात म्हणायची. खोटं बोललीस, तर चावून घे.

तिची सासू सारजा बाई तिखट, पण मायाळू. लग्न होऊन आली तेव्हा घरात मेंढरं होती, वर्षाचे कितीतरी महिने मेंढरांच्या वाड्यामागं रानोमाळ हिंडून तिनं लेकरं वाढवली होती. आता सासरे सोनबा भाजीपाला करत, नि हौसेला म्हणून चार मेंढ्या दावणीला होत्या. सारजाला दिसत सगळं होतं, कळत नव्हतं एवढंच.

"पोराला पाजतीस का कोंडतीस गं?" एक दिवस ती म्हणाली. "तोंड उघडाय देत न्हाईस त्येला. सोसायटीच्या गोडावनावानी कायम बंदच!"

"भूक लागलीया त्याला, आत्या."

"भूक कुठली? हिरड्या सळसळत्यात. थांब, वाटी आणते. वाजवून बघू दात आलाय का."

पोराच्या हिरडीवर वाटी हळूच टेकवायची. टिक् वाजलं की दात आला, मग घरात साखर वाटायची, अशी त्यांच्यात रीत. सारजा चुलीमागनं वाटी घेऊन आली, तेव्हा प्रतिक्षानं पोराला छातीशी असं धरलं, जसं कुणी हिसकावूनच नेणार होतं.

"निजलाय. उठवू नका."

"निजलाय? डोळं बघ, घुबडावानी टकामका बघतोय!" सारजा हसली. पण वाटी घेऊन माघारी गेली. जाता जाता तिला तिच्या सुनेचा चेहरा दिसला, कपाळावरचा घाम दिसला. ती परत फिरली, खाली बसली.

"चावतोय व्हय?"

प्रतिक्षानं मान हलवली.

"मग ओढून काढू नगंस. ओढलं की फाटतंय. कोकराचंबी तसंच असतंय. उलटं जवळ दाब त्येला, नाक दबलं की आपसूक सोडतंय. जवळ घेटलं की सुटतंय, ध्यानात ठेव." आणि तिनं पोराच्या केसांवरून हात फिरवत गुणगुणायला सुरुवात केली. तिच्या तोंडी ओवी कधी उठेल सांगता यायचं नाही. वांगी तोडताना, भांडताना, पोर जोजवताना.

*दात आला दात, जसा कणसात दाणा गं*
*मामाच्या मांडीवर हसे माझा तान्हा गं*

मामाच्या मांडीवर. प्रतिक्षाला वाटलं, ह्या बाईला कळलंय, आणि ही मला टोचतेय. तसं काही नव्हतं. ओवी होती, ओवीत मामा असतोच. पण चोराच्या मनात चांदणं.

गोकुळचा फोन रोज असायचा, व्हिडिओवर. "ताई, भाच्याला दाव की! नुसतं टाळकंच काय दावतीस? मागनं बघून मला काय त्याचं जावळ मोजायचंय?"

"नेटवर्क न्हाय रं."

"मग माझं तोंड कसं दिसतंय तुला?"

"तुझं तोंड दिसाया कसलं नेटवर्क लागतंय, ढोलासारखं हाय ते," ती म्हणायची, दोघं हसायची, आणि ती हसताना सवयीनं हात ओठांवर न्यायची. फोन ठेवताना म्हणायची, "हेल्मेट घाल." तो विचारायचा, "आज काय गं एकदम?" ती म्हणायची, "आसंच." रोजच आसंच.

तिचा नवरा मल्हार एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पात पावडरच्या खात्यात होता. घरी यायचा तेव्हा भुवयांवरसुद्धा दुधाची पांढरी भुकटी. बायकोची दशा त्याला बघवेना. एका संध्याकाळी चप्पल काढता काढता म्हणाला, "अगं, किती सोसशील? मेडिकलातनं बाळाच्या दुधाचा डबा आणतो. वरचं दूध घालू थोडं थोडं. तुझं भरून येईपर्यंत तरी."

तिला हायसं वाटलं. मग लगेच लाज वाटली, हायसं वाटल्याची. पोराचं तोंड कसं झाकायचं मग? तरी तिनं आईला फोन लावला. कशासाठी लावला, तिलाच नीट सांगता आलं नसतं. बाईला चावलं, की बाई आईला हाक मारते.

"आये, अवी लई चावतोय. हे म्हणत्यात डबा आणू का. पावडरीचा."

पलीकडं काहीच ऐकू येईना. प्रतिक्षाला वाटलं फोन कटला.

"डबा न्हाय आणायचा," आई म्हणाली. आवाज ओळखू येईना असा. "ऐकतीस का? डबा आणाया कुणाला धाडायचं न्हाय. जावईबापूंना न्हाय, कुणालाच न्हाय."

"अगं, वाटेवरच तर मेडिकल हाय त्यांच्या..."

"सांगितलं न्हवं एकदा!" आणि फोन खरंच कटला.

प्रतिक्षानं फोन ठेवला. मग तिनंच त्याचा अर्थ लावला. आई सांगतेय, आई झालीस तर सोस. मी सोसलं, तू सोस. डब्याचा विषय तिनं तिथंच पुरला. मल्हारला म्हणाली, "नगं. आई नगं म्हणतीय." त्यानं खांदे उडवले. "तुमच्या आईचं नि डब्याचं काय वाकडं हाय, बिरोबालाच ठाऊक."

पोराला पाजताना तिच्याही ओठांवर मग एक ओवी आली. कुठून आली ठाऊक नाही. तिला कधी ओव्या येत नव्हत्या. सासूच्या संगतीनं आली असेल.

*दूध माझं गोड, त्याला दाताची आच गं*
*हसू नको तान्ह्या, तुला पदराची लाच गं*

म्हटली, आणि स्वतःचीच तिला किळस आली. आईच्या दुधाची लाच! लेकरू भुकेनं नाही, भीतीनं पीत होतं. तिच्या भीतीनं. शेजारणीची पोरं खिदळत अंगणात लोळत होती. अवीचं खिदळणं तिनं कधी पुरतं ऐकलंच नव्हतं. फुटायच्या आतच ते पदराखाली जात होतं.

खालची हिरडी आता फुगून लालबुंद झाली होती. रोज सकाळी ती बोट घालून बघायची. आज येईल, उद्या येईल. बिरोबाला तिनं नारळ बोलला. दुसऱ्या बाया नवस करतात लेकरू चालू दे, बोलू दे. हिचा नवस काय, तर खालचा एक दात येऊ दे.

दात यायच्या आधी सोनबांनी जावळाचा दिवस धरला.

"रविवार. पोरगं लईच केसाळ झालंया, मेंढरात बांधलं तर लोकर कापाया येतील," ते म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्यावर खोकेपर्यंत हसले. "पोरी, तुझ्या भावाला सांग. मामाच्या मांडीबिगर जावळ न्हाय."

"पुढच्या महिन्यात करू की, आबा. त्याला बरं न्हाय."

"काय झालंय त्येला? कालच माझी मिशी उपटली त्येनं."

ती पोराला घेऊन आत वळली. अजून तोंड उघडलं असतं, तर सगळंच बाहेर पडलं असतं.

रविवारी सकाळी बायडाबाई आणि गोकुळ डाळजहून आले. बायडाबाई, प्रतिक्षाची आई, सुकलेल्या शेंगेसारखी बारीक बाई. तिनं आहेर आणला होता, नवं झबलं आणि चांदीची वाटी. वाटी लेकीच्या सासूच्या हाती देत म्हणाली, "इहीणबाई, गोड मानून घ्या." नातवाला मात्र जवळ घेतलं नाही. लांबूनच कानशिलावर बोटं मोडली. प्रतिक्षानं ते पाहिलं. माझ्याशी जशी वागली तशीच, तिच्या मनात आलं. अजून ह्याचे दात दिसलेही नाहीत, तोवरच.

गोकुळनं मात्र आल्या आल्या पोराला उचललं. "या मेंबर! किती दिवस मला टाळकं दावलंसा!"

"दे त्याला," प्रतिक्षा धावली. "पाजायचंय."

"आत्ताच पाजलंस की," सारजा म्हणाली. "मामाकडं राहू दे घटकाभर. तो काय खाणार हाय व्हय त्येला?"

अंगणात लिंबाखाली पाट मांडला होता. अप्पा कारागीर वस्तऱ्याला धार लावत बसला होता. मोना, आजूबाजूच्या बाया, सगळ्या कडेनं दाटीनं बसल्या. प्रतिक्षा भावाच्या अगदी पाठीशी उभी राहिली, हात पुढं करून, जणू पोर खाली पडणार होतं आणि तिनंच झेलायचं होतं. सकाळी बोट घालून पाहिलं होतं. खाली काही नाही. वर आता दोन होते, शेजारी शेजारी.

अप्पानं पाण्याचा हात फिरवला. पोर दचकलं, ओठ मुडपले. प्रतिक्षा पुढं सरकली. रडलं तर दिसेल. पण रडलं नाही. वस्तरा सरसर फिरू लागला, काळ्या बटा गोकुळच्या धोतरावर पडू लागल्या. जावळासाठी म्हणून त्यानं मुद्दाम आजोबांचं धोतर नेसलं होतं, आणि सगळ्या बाया त्याला त्यावरून हसत होत्या.

डावी बाजू झाली. उजवीकडं वळवायला पोर मान धरू देईना. तेव्हा गोकुळनं खांद्याशी मान वाकवून मेंढराचा आवाज काढला. घरच्या म्हाताऱ्यांकडून शिकलेला, नाकातून, लांबलचक, हुबेहूब. दावणीची मेंढी उठून उभी राहिली आणि तिनं जबाब दिला.

अविराज हसला.

हसला म्हणजे काय हसला! मान मागं टाकून, पोट उडवत, अंगणभर खळाळत. प्रतिक्षानं ते हसू कधी ऐकलं नव्हतं. एवढं मोठं होतं ते, आणि एवढे दिवस तिनं ते कुठं कोंबलं होतं? तिच्या काळजात ते आधी गोड लागलं, मग सुरीसारखं फिरलं. कारण त्या उघड्या तोंडात ऊन पडलं होतं, आणि उन्हात दोन दात चमकत होते. वरचे.

"आगं बया!" मोनाच्या तोंडून निघून गेलं. "वरचं!"

गोकुळ वाकून बघत होता. "आयला," तो म्हणाला, "ससाच हाय की हा!" त्याला कुठं काय ठाऊक? त्याच्या देखत कुणी ते बोललंच नव्हतं कधी.

प्रतिक्षानं झडप घातली. अप्पानं वस्तरा जेमतेम वर उचलला. अर्धं डोकं गुळगुळीत, अर्धं केसाळ, असं पोर छातीशी कवटाळून ती घरात पळाली. आणि पळता पळता तिनं आईकडं पाहिलं. आई लिंबाच्या बुंध्याला धरून उभी होती, तोंडाला रंग नव्हता.

आतल्या खोलीत ज्वारीच्या पोत्याला टेकून ती बसली. पोर भेदरून रडत होतं. तिनं त्याला घेतलं, आणि त्यानं रडत रडतच दात रोवले. भेग उलली. तिनं सोडवलं नाही. चाव, म्हणाली. चाव. बाहेर बायांचे आवाज चढत होते. कुणी म्हणत होती, मामानं नारळ नदीत सोडावा, दुसरी म्हणत होती, नारळ न्हवं, चांदीचा दात करून बिरोबाला वाहावा, सोनबा ओरडत होते, "गप बसा गं! पोराचं दात हायती का वाघाचं?" आणि त्या सगळ्यावरून गोकुळची हाक, "ताई! आण गं त्याला. अर्धं डोकं ठेवून मामाची अब्रू घालवतीस का?"

दार ढकलून आई आत आली.

"आये, तू जा," प्रतिक्षा म्हणाली. "गोकुळला घेऊन जा. आत्ताच जा. पण मोटारसायकलीवर नगं, एसटीनं जा."

आई हलली नाही.

"मला ठाऊक व्हतं, आये. पयल्या दिवसापासनं. खालचं येईस्तवर लपवायचं म्हणलं. कुणाला दिसू नये म्हणून त्याला पाजत सुटले. भूक नसली तरी. रडाय दिलं न्हाय, हसाय दिलं न्हाय. एकदा मारलंबी..." तिनं पोराच्या पायावरून हात फिरवला. "पण तुझ्यावानी माझं न्हाय व्हायाचं, आये. तुझा भाऊ मी खाल्ला. माझा भाऊ मी ह्याला खाऊ देणार न्हाय."

"कोण म्हणलं तुला?" आईचे ओठ हलले तेवढेच. "तू भाऊ खाल्लास, आसं कोण म्हणलं?"

"तूच. ओट्यावर. मी घोंगडीखाली जागी व्हते."

बायडाबाई तिच्यापुढं खाली बसली. तिची नजर लेकीच्या पदराकडं गेली. तिथं लाल डाग पसरत होता. मग तिनं हात पुढं केला. वर्षानुवर्षांनी तो हात लेकीच्या अंगाला लागला. पोराच्या डोक्यामागं तिनं तळवा ठेवला, गुळगुळीत बाजूला, आणि त्याला आईच्या अंगाशी हळूच दाबलं. नाक दबलं. पोरानं दात सोडले, श्वास घेतला आणि आजीकडं बघू लागलं.

"असं करायचं असतंय," ती म्हणाली. "मला कुणी सांगितलं न्हवतं तवा."

दारात सारजा येऊन उभी राहिली होती, हातात चांदीची वाटी. बायडाबाईनं तिला पाहिलं. थांबावं असं तिला वाटलं असणार. नजर एकदा खाली गेली. पण ती थांबली नाही.

"तू बी अशीच चावायचीस. पाजायची येळ झाली की मी रडायची. ताप भरायचा. त्या दिशी बिरू तुला बघाय आलता, जत्रेतनं खुळखुळा घेऊन. मी ताट वाढलं. त्येनं पयला घास मोडला, आन् तू रडायलीस. मी म्हणलं, मला न्हाय पाजायचं हिला. जा भिगवणला, पावडरीचा डबा आण. तो म्हणला, आक्का, भाकरी खाऊन जातो की. मी म्हणलं, न्हाय, आत्ताच्या आत्ता. सायकल घेऊन गेला. ताट मी झाकून ठेवलं, माशा बसत्याल म्हणून..."

बाहेर गोकुळ पुन्हा मेंढराचा आवाज काढत होता, आणि मेंढी जबाब देत होती. अविराजनं त्या दिशेला मान वळवली.

"मातीला बाया जमल्या. कशापायी गेला, कुठं चालला व्हता, सगळ्या इचारू लागल्या. माझ्या तोंडातनं काय फुटंना. तवा एका म्हातारीनं तुझं तोंड उघडलं. वर दोन, खाली दोन. तिनं इचारलं, आधी कुठलं आलं गं? कुणाला ठाऊक असणार? पाजणारीलाच ठाऊक असतंय. मी म्हणलं, वरचं. एकदा म्हणलं, मग तेच म्हणत गेले. तुझ्याकडं बघवंना मला, बाय. तू हसलीस की मला ते ताट दिसायचं."

"आये..."

"डबा आणाय मी धाडलं त्येला." तिनं लेकीचा ओठांकडं निघालेला हात मधेच धरला आणि खाली घेतला. "तुझं वरचं दात आधी आलंच न्हवतं. खालचं आलं व्हतं."